काकींचं माप

हिराकाकी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. हॉलमध्ये मी त्यांच्यासाठी खुर्ची रिकामी करून ठेवली होती आणि टेबलावर माझी यादी होती: वायर कुठून आत आणायची, बॉक्स कुठे लावायचा, प्लॅन पन्नास एमबीचा. त्यांनी यादीकडे पाहिलं नाही. ओट्याजवळचं स्टूल ओढलं, पदराने कपाळ टिपलं आणि कुकरकडे बोट दाखवून विचारलं, 'भात कवरा लावतेस?'

मी इंटरनेटच्या कनेक्शनसाठी फोन केला होता. तरी उत्तर दिलं. दोन वाट्या.

'मानसां?'

'चार.'

'पुरतं?'

'पुरतो. कधी उरतोसुद्धा.'

'मग पन्नास कनाला मागतेस?'

त्यानंतरची चौकशी बरीच लांबली. नवरा ऑफिसचं काम घरी आणतो का. मुलं मोबाइलवर काय बघतात, आणि एका वेळी एकच पिक्चर सगळे मिळून बघता की चौघांचे चार. रात्री जेवताना टीव्ही चालू असतो का. गावाहून पाहुणे किती येतात, आले की किती दिवस राहतात. शेवटी त्या उठल्या, कुकरचं झाकण नीट बसलंय का ते उगाच बघितलं आणि निकाल दिला, 'दहाचा घे. पाहुने येतील तवा मना सांग, दोन दिवस वारवून देन. त्याचा काय लावनार नाय.'

मला दहा पुरले. कित्येक वर्षं पुरले.

मी तुर्भ्याला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. कोणता माल किती लागतो, किती शिल्लक ठेवायचा, कुठे उगाच जास्त मागवला जातो, हे बघण्यात माझा दिवस जातो. दुकानदार गिऱ्हाइकाला जास्त मागू नको म्हणतोय हे मी बाजारात कधी पाहिलं नव्हतं. माझे वडील भाजीच्या घाऊक बाजारात माथाडी होते, त्यांनीही पाहिलं नव्हतं. त्यामुळे हिराकाकी मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्या गेल्यावर मी यादीतला पन्नास खोडला आणि त्यावर दहा लिहिलं.

काकी तळवलीच्या. घणसोलीत आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्या त्यांच्याच गाववाल्यांच्या शेतांवर. बिल्डिंगी अर्धवट होत्या तेव्हा काकींच्या यजमानांनी गावात डिश उभारली आणि बांबूवरून वायरी टाकून घराघरात केबल दिली. ते गेले तेव्हा धंदा दीर बघतील असं सगळ्यांनी धरलं होतं. काकींनी दिवसकार्य आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वसुलीला निघाल्या. त्या फेरीत त्यांना एक गोष्ट कळली, ती त्या नेहमी सांगायच्या. घरोघरी लोक अशा चॅनलांचे पैसे भरत होते, ज्यांची भाषाच त्यांना येत नव्हती. एका आजीबाईंकडे तर तीन कन्नड चॅनल चालू होते आणि आजीबाई सोलापूरच्याही नव्हत्या. पॅकेजमध्ये होते, म्हणून होते. काकींना त्याची लाज वाटली. 'आमचे हे वाईट नव्हते,' त्या म्हणायच्या, 'पन कोनाच्या घरान काय लागतं ता इचारायला ते कंदी आत गेलेच नाय. दारातून बोलायचे.'

तेव्हापासून त्या आत जायच्या. केबलची जागा इंटरनेटने घेतली तरी रीत तीच राहिली. नवं कनेक्शन असो की प्लॅन बदलायचा असो, काकी स्वयंपाकघरात बसून चौकशी केल्याशिवाय काही देत नसत. गळ्यात ठसठशीत मंगळसूत्रासारखी दिसणारी सोन्याची माळ, केसांत गजरा, काखेत पर्स आणि मागे पक्कड, शिडी घेऊन भाचा. चौकशीत त्यांना जे जे कळायचं ते त्यांच्या पोटात राहायचंच असं नाही. कोणाकडे सासूसुनेचे दोन वेगळे टीव्ही आले आहेत, कोणाचा मुलगा परीक्षेच्या दिवसांत गेम खेळतो, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळायचं. काही जणांना त्याचा राग यायचा. काकींना त्या रागाचं काही वाटायचं नाही.

त्यांचं सगळ्यात जुनं भांडण साळुंखे काकांशी. काका आमच्याच मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त, पत्नी नाही, मुलगा परदेशात. मुलाने फोनवर सांगितलं की बाबा, शंभरच्या खाली घेऊ नका. काकांनी शंभर मागितला. काकी त्यांच्या ओट्याजवळ बसल्या, सगळं विचारून घेतलं: सकाळी भजनं, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या, रविवारी मुलाशी व्हिडिओवर गप्पा. मग म्हणाल्या, 'काका, तुमी येकटे. आंघोलीला टाकी भरून पानी तापवता काय?'

काका चिडले. पैसे मी देतोय, तुझं काय जातं, असं त्यांनी विचारलं.

'माजा नाव जातं,' काकी म्हणाल्या. 'उद्या तुमचा पोरगा येल आन बोलेल, हिराबायनी म्हाताऱ्याला फसवला.'

काकांना दहाच मिळाले. दर दिवाळीला ते पुन्हा मागत आणि काकी पुन्हा नाही म्हणत. जिन्यात दोघं समोरासमोर आले की काका मुद्दाम मोठ्याने मला सांगायचे, 'या बाई दुकान उघडून बसल्यात आणि माल देत नाहीत.' काकी न थांबता वर चढत म्हणायच्या, 'भजन अडकतं काय? नाय ना? मग गा.'

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण धंद्याच्या दृष्टीने काकी तेव्हाच मागे पडत चालल्या होत्या. आजूबाजूच्या सेक्टरमध्ये मोठ्या कंपन्यांची फायबर लाइन आली होती. त्यांच्या जाहिरातीत शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे असायचे. काकींच्या पत्रकावर फक्त फोन नंबर. एकेक सोसायटी जात गेली. शेवटी आमची तेवढी उरली. काकी ते लपवत नसत. आमची गेली की वायर गुंडाळायची, मग तळवलीच्या त्या खोलीत, जिथे यजमानांनी केबलची पहिली मशीन मांडली होती, तिथे कुलूप लावायचं, असं त्या सरळ सांगायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, काकी, तुम्हीही मोठा आकडा छापा, लोकांना हवा तो घेऊ द्या. त्यांना वरून लाइन देणारा माणूसही तेच सांगत होता. त्या म्हणाल्या, 'छापीन. पन मंग लोकांकरं बसून इचारू काय?'

लॉकडाऊनमध्ये मात्र त्यांच्या या चौकशीचं चीज झालं. काकींकडे वरून एकच जाड लाइन यायची आणि ती सगळ्या घरांत वाटली जायची. एरवी दिवसा घरं रिकामी, त्यामुळे चालायचं. अचानक प्रत्येक घरात ऑफिस आलं, शाळा आली, आणि कंटाळलेली माणसं पिक्चर लावून बसली. दोन दिवसांत सगळ्यांचंच अडकायला लागलं. वरची लाइन वाढवून मिळेना, सगळीकडूनच मागणी होती. तेव्हा काकींनी घरोघर फोन केले. कोणाच्या घरात काय आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. कोणाकडे दोन शाळा, कोणाकडे एक ऑफिस, कोणाकडे नुसती करमणूक. त्यांनी मला वेळापत्रक करायला सांगितलं. मी केलं आणि लिफ्टमध्ये चिकटवलं: सकाळी पोरांच्या शाळा, दुपारी ऑफिसं, पिक्चर आणि मालिका संध्याकाळी. गावात नळाला पाणी सोडतात तशा पाळ्या.

लोकांनी पाळल्या, कारण न पाळणाऱ्याला फोन जायचा. कोणाकडे जास्त ओढलं जातंय ते काकींना तळवलीत बसून दिसायचं. साळुंखे काकांना तर रोज सकाळी फोन.

'काका, बंद करा.'

'मी काही लावलेलं नाही. टीव्ही आपोआप चालू होतो.'

'आपोआप झाला त आपोआप बंद करा. पाचवीच्या पोराचा गनित चाललाय खाली.'

काका बंद करायचे. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या एकाही मुलाची ऑनलाइन परीक्षा बुडाली नाही. काकींना त्याचा इतका अभिमान होता की भेटेल त्याला त्या ते सांगायच्या. आणि सगळा माल मोजून दिला की कमी पडत नाही, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासून अगदी पक्कं बसलं. मलाही ते पटलं होतं. माझ्या कामातही हाच नियम आहे.

त्याच दिवसांत दुसऱ्या मजल्यावरच्या प्रज्ञाला मुलगी झाली. प्रज्ञा कोरेगावकडची, नवरा गोदामात सुपरवायझर, सासू सोबत. माहेरचं कोणी येऊ शकत नव्हतं. काकी तळवलीहून पोलिसांची नाकाबंदी चुकवून मुशी माशाचं कालवण घेऊन यायच्या, बाळंतिणीला दूध यावं म्हणून, आणि ती खाईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. प्रज्ञा त्यांना तेव्हापासून आईसारखं मानायला लागली. पुढे जे झालं त्यात या मायेचाही वाटा आहे असं मला वाटतं.

प्रज्ञाचा हात शिवणात फार चांगला. ब्लाउज तर असा बसवायची की बिल्डिंगमधल्या बायकांनी बाहेरचा शिंपी सोडला. मुलगी रांगायला लागल्यावर तिने घरूनच ऑनलाइन क्लास सुरू केला. आतल्या खोलीत मशीनशेजारी टेबल, टेबलावर कापड आणि वर स्टँडला लावलेला मोबाइल. ती माप घ्यायची, खडूने आखायची, कापायची, आणि गावोगावच्या बायका आपापल्या घरी बसून तसंच करायच्या. सातारा, कराड, पनवेल, कुठून कुठून. पहिल्या तुकडीत बऱ्याच बायका होत्या. प्रज्ञा मला लिफ्टमध्ये भेटली की तिचं बोलणं संपायचं नाही. पुढे दुकानाला गाळा घ्यायचा होता तिला.

मग तक्रारी यायला लागल्या. बायका म्हणायच्या, ताई, तुमचं चित्र थांबतं. आवाज तुटतो. प्रज्ञाने काकींना फोन केला आणि तीसचा प्लॅन मागितला.

काकी आल्या. ओट्याजवळ बसल्या, प्रज्ञाच्या लेकीला मांडीवर घेतलं आणि नेहमीची चौकशी केली, खरं तर सगळं ठाऊक असूनही. माणसं तीन आणि एक तान्हं. नवरा दिवसभर बाहेर. सासूबाईंची एक मालिका. पिक्चर कोणी बघत नाही. मग त्यांनी प्रज्ञाचाच मोबाइल घेतला, त्यावर एक पिक्चर लावला आणि तिच्यासमोर धरला. चित्र स्वच्छ, एकदाही थांबलं नाही.

'बघ, कं थांबतं?' काकी म्हणाल्या. 'त्या बायांकरचा नेट खराब असल. खेड्यान काय असतं तुला म्हाईत हाय. उगीच जास्त पैसे भरू नको. पोरीला सोन्याची बाली कर त्यात.'

प्रज्ञाने मोबाइल परत घेतला. तिने पुन्हा सांगून पाहिलं, पुढच्या महिन्यातही सांगून पाहिलं. दर वेळी काकी आल्या, दर वेळी पिक्चर लावून दाखवला, दर वेळी तो छान चालला. ज्या बाईने आपल्या बाळंतपणात कालवणं आणून दिली ती बाई आपले पैसे वाचवायला धडपडतेय, तिच्यापुढे किती बोलणार. प्रज्ञाच्या नवऱ्याला फायबर कंपनीची लाइन घ्यायची होती. त्यालाही तिनेच थांबवलं. काकींना वाईट वाटेल म्हणाली.

काकींची चूक काय झाली ते समजायला त्या केबलवाल्या होत्या हे लक्षात घ्यावं लागतं. आयुष्यभर त्यांच्या वायरीतून चित्र घरात आलं. तक्रार आली की त्यांनी घरात जाऊन पडदा बघितला. घरातून काही बाहेर जातं, आणि त्यालाही वाट हवी असते, हे त्यांच्या मोजण्यात कधी आलंच नाही. त्यांच्या जुन्या वायरीवर आत येणारी वाट रुंद होती आणि बाहेर जाणारी अगदी चिंचोळी. भजनं ऐकणाऱ्याला आणि मालिका बघणारीला त्याने काही फरक पडत नव्हता. शाळेच्या मुलांनाही नाही, ती ऐकत बसायची, कॅमेरा बंद. प्रज्ञाचं मात्र सगळं त्या चिंचोळ्या वाटेने जात होतं. तीसच्या प्लॅनमध्ये ती वाटही रुंद झाली असती.

हे काकींना कळलं ते नावड्याला. त्यांची लेक मनीषा तिथे राहते. तिच्याकडे सत्यनारायण होता म्हणून काकी दोन दिवस गेल्या होत्या. पूजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषा कापड पसरून मोबाइल समोर ठेवून बसली. शिवणाचा क्लास लावलाय म्हणाली, तुमच्या घणसोलीचीच आहे बाई. काकी कौतुकाने शेजारी जाऊन बसल्या. पडद्यावर प्रज्ञा होती.

पुढचं मला काकींनीच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात त्याच स्टुलावर बसून. प्रज्ञा मुंढ्याची, म्हणजे काखेकडची, गोलाई कशी कापायची ते शिकवत होती. ब्लाउजचा सगळा खेळ त्या गोलाईत असतो. तिने कात्री कापडाला लावली आणि चित्र थांबलं. तोंड उघडं, हात अधांतरी. थोड्या वेळाने चित्र पुढे सरकलं तेव्हा कापड कापून झालेलं होतं. बायका खाली लिहायला लागल्या, ताई परत दाखवा. प्रज्ञाने दुसरं कापड घेतलं. पुन्हा तसंच. आधी अख्खं कापड, मग कापलेलं कापड. मधलं कापणं कोणालाच दिसलं नाही. मनीषाच्या घरी कंपनीची लाइन होती, बाकी सगळं तिच्या मोबाइलवर सुरळीत चालत होतं, म्हणजे तिच्याकडचा दोष नव्हता. तास संपताना प्रज्ञा म्हणाली की ही तुकडी शेवटची, तुम्हाला फार त्रास झाला, मला माफ करा. हे वाक्य मात्र न तुटता आलं.

मनीषाने मोबाइल बाजूला ठेवला आणि म्हणाली, 'आई, ही तुमच्याच वायरवर हाय ना?'

'काय बोललात तुम्ही?' मी काकींना विचारलं.

'काय बोलनार? हो बोलले.' मग म्हणाल्या, 'तीनदा तिच्या घरान जाऊन पिच्चर दाखवला मी. तिला. तिला बघायचा व्हता कंदी?'

त्या नावड्याहून तडक प्रज्ञाकडे गेल्या होत्या. भाच्याला फोन करून वाटेतच तिची लाइन वाढवायला सांगितली होती. प्रज्ञाने चहा केला. काकी, तुमच्यामुळे नाही, मीच थकले, असं ती म्हणाली. बायका निम्म्यावर सोडून गेल्या होत्या, राहिलेल्यांना पुन्हा पुन्हा तेच दाखवताना तिचा घसा बसायचा, आणि नवऱ्याशी रोज त्यावरून खटके. तिने कोपरखैरण्याच्या एका बुटीकमध्ये नोकरी धरली होती. पुढच्या सोमवारपासून जायचं होतं. काकी तिला म्हणाल्या, आता चालू कर, आता नाही थांबणार. ती म्हणाली, बघू काकी. मुलीला सासूबाईंकडे ठेवून ती सोमवारी कामावर गेली.

त्यानंतर महिन्याभराने सोसायटीची सभा होती. कंपनीने सगळ्या बिल्डिंगमध्ये फायबर टाकून देण्याचा प्रस्ताव दिला होता, अट एवढीच की जुन्या वायरी काढायच्या. मी कमिटीवर आहे. काकींची बाजू मांडली गेली पाहिजे म्हणून मी त्यांच्यासाठी मुद्दे लिहून काढले. तक्रार केली की त्याच दिवशी माणूस येतो. पाहुण्यांसाठी वाढवून मिळतं. लॉकडाऊनमध्ये काय झालं. बहुतेक घरांना तीनशे कशालाच लागणार नाहीत, हे उदाहरणांसकट. मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली.

सभेत आश्चर्य वाटलं ते साळुंखे काकांचं. ते उभे राहिले आणि म्हणाले, 'या बाईने मला दर दिवाळीला नाही म्हटलंय. मला फार राग आहे तिचा. पण माझं भजन आजतागायत अडकलेलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे.' लोक हसले. वातावरण काकींच्या बाजूला झुकतंय असं मला स्पष्ट दिसत होतं. प्रज्ञाचा नवरा पुढच्या रांगेत बसला होता, त्याने बोलायला हात वर केला नव्हता. प्रज्ञाने त्याला बजावून पाठवलं असणार.

चेअरमन म्हणाले, काकी, तुम्ही बोला.

काकी उठल्या. माझा कागद त्यांनी पर्समधून काढलाच नाही.

'काका बोलले ता खरा हाय,' त्या म्हणाल्या. 'तुमच्या घरान काय येतं ता मी मोजला. बाहेर काय जातं ता कंदी इचारलाच नाय. प्रज्ञाच्या घरातून तिचा काम जात व्हता. ता माज्या वायरीन अडकला. ती सांगत व्हती आन मी तिला खोटी पारत व्हते.'

प्रज्ञाचा नवरा मान खाली घालून बसला. काकी बसतील असं वाटलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'आजून कोनाच्या घरान काय अडकलाय, मना म्हाईत नाय. ज्याला लागतं त्याला घेऊ द्या.'

एवढं बोलून त्या बसल्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली, प्रत्येक जण आपल्या घरातलं काही आठवत असावा. हात वर झाले आणि प्रस्ताव मंजूर झाला. साळुंखे काकांचा हात खाली होता. माझाही. त्याने फरक पडला नाही.

आमच्याकडे आता शंभरचा प्लॅन आहे, सगळ्यात लहान तोच मिळतो. घरात माणसं तीच चार. मोठा मुलगा कॉलेजची कामं करतो, धाकटी गाणी ऐकते, नवरा क्रिकेट बघतो, मी बातम्या. काकींनी चौकशी केली असती तर आम्हाला पंधरा दिले असते, फार तर वीस, आणि ते पुरले असते. हे मी हिशेब करूनच सांगते आहे. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने हॉलमध्येच काम उरकलं, स्वयंपाकघराकडे त्याची पाठ होती. काकी त्यांच्या मापात बहुतेक सगळीकडे बरोबर होत्या. एका घरात चुकल्या, आणि ते घर नेमकं असं होतं जिथे नेटवर कोणाचं तरी पोट चालणार होतं. कंपनीचं शंभरचं माप डोळे मिटून सगळ्यांना सारखं असतं, त्यात प्रज्ञाचंही निभावलं असतं. मला हे कबूल करणं जड जातं. तुर्भ्याला मी रोज कमीत कमी किती लागेल ते ठरवते आणि हल्ली कोणी जास्त मागितलं तर त्याचं कारण थोडं जास्त वेळ ऐकून घेते.

काकी आता नावड्याला लेकीकडे असतात असं ऐकते. घणसोलीत त्या मला शेवटच्या दिसल्या त्याला वर्ष होऊन गेलं. तो दिवस जुन्या वायरी काढून नवी लाइन लावण्याचा होता. कोणत्या घरात जुनं निघालं, नवं लागलं, यावर खुणा करायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं होतं. काकी स्वतः आल्या होत्या. दुसऱ्या केबलवाल्यांसारखी वायर लोंबकळत सोडायची नाही म्हणून भाच्याला गच्चीपासून खाली पाठवत होत्या, आणि खिळे काढलेल्या भोकांत पुट्टी भरून घेत होत्या.

मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा प्रज्ञाच्या घराचं दार उघडं होतं. प्रज्ञा कामावर गेली होती. सासूबाई नातीला भरवत होत्या. कंपनीचा माणूस टीव्हीच्या मागे बॉक्स लावायला भिंतीवर खूण करत होता आणि काकी त्याच्यामागे उभ्या होत्या.

'इथं नको,' त्या म्हणाल्या. 'आतल्या खोलीन लाव.'

त्याने आत डोकावून पाहिलं. मशीनवर कव्हर घातलेलं होतं, कव्हरवर घड्या घातलेले कपडे रचलेले. टेबल भिंतीला टेकवून उभं केलं होतं. तो म्हणाला, मावशी, हॉलमधून सगळीकडे पोचतं, आतपर्यंत वायर ओढायची गरज नाही.

'लाव तू.'

'काकी, राहू द्या की,' सासूबाई म्हणाल्या. 'तिथं आता कोणी बसत नाही.'

'बसल,' काकी म्हणाल्या.

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला आत जायला सांगितलं. त्याने वायरीचं वेटोळं उचललं, आणि काकींनी मशीनवरचे कपडे एकेक करून पलंगावर ठेवायला सुरुवात केली.